निकोटीन गम, २ एमजी, पुदिना: चार महिने चघळून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगतो, लांब झालाय. गम कसा आहे एवढंच बघायला आला असाल तर साडेतीन स्टार, चव बरी आहे, काम करतो, पण सांगितलाय तसा चघळला तरच, आणि एकट्याने चघळणार असाल तर माझी गॅरंटी नाही. आता सविस्तर.

मी डिचोली तालुक्यातला, नोकरी वेर्ण्याला, कंपनीची बस पकडायची म्हणून पहाटे उठणारा माणूस. बावीस वर्षं सिगरेट ओढत होतो. दिवसाला दहा-बारा आणि तालीम असली की पंधराच्या वर. तालीम म्हणजे नाटकाची, आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी रात्री मराठी नाटक असतं. गोव्यातल्या माणसाला हे सांगायला नको पण बाहेरचे वाचत असतील तर, इथे घरात चोवीस तास कोकणी बोलणारा माणूससुद्धा स्टेजवर चढला की मराठीतच गरजतो. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी झाली की देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तांना उतरायच्या खोल्यांत, तालमी सुरू होतात, आणि ब्रेक मिळाला की आम्ही तिघं, मी, आमचा तबलजी आणि प्रॉम्प्टर, मागच्या माडाखाली. तबलजी कशाला तर नाटक सामाजिक असलं तरी आमच्याकडे नांदीशिवाय पडदा उघडत नाही.

सोडायचं कारण फार मोठं काही नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात माझा एक लांबलचक मोनोलॉग होता, मध्येच श्वास पुरेना, वाक्य तुटलं. प्रॉम्प्टरला वाटलं मी विसरलो, म्हणून त्याने विंगेतून पुढचं वाक्य द्यायला तोंड उघडलं तर त्यालाच खोकल्याची उबळ आली, आणि विंगेतला माइक चालू. बापाच्या मरणाचा प्रसंग आणि अख्खा मंडप हसतोय. दिग्दर्शक काका नंतर काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तर यंदा गणपती पोचवून आलो आणि त्याच रात्री तिघांनी ठरवलं, उद्यापासून बंद. उत्साहाच्या भरात उरलेली पाकिटं पण चुरगाळली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कंपनीत दोघांशी भांडलो होतो, एकाशी तर कॅन्टीनमधल्या पातळ भाजीवरून. तबलजीने संध्याकाळी गाड्यावरून सुट्टी सिगरेट घेतली आणि प्रॉम्प्टरने म्हणे सकाळी उठल्याउठल्याच ओढली होती, त्याने ठरवलेलं त्याच्या लक्षातच नव्हतं. सवय म्हणजे काय ते इथे कळलं, हात आपला आपण खिशात जातो.

मग फार्मसीत गेलो. तिथला अनुभव काही खास नाही, दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या पोराने विचारलं दोन की चार, मी म्हटलं फरक काय, तो म्हणाला चार म्हणजे स्ट्रॉंग. बस, एवढंच. खरा फरक मला नंतर आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनी सांगितला, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ एमजी, त्यानंतर चालत असेल तर २. आणि २ एमजी चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. मी बसस्टॉपवर पोचेपर्यंत ओढत नव्हतो, बस यायच्या आधी तिथे एक, म्हणजे उठून तास झालेला असायचा, म्हणून माझा २. प्रॉम्प्टर डोळे उघडायच्या आधी काडेपेटी शोधणारा, त्याला ४ लिहून दिला. म्हणून म्हणतो आधी डॉक्टरकडे जा, त्यातून हार्टचा काही त्रास असेल किंवा घरात कोणी गरोदर बाई सोडायचा प्रयत्न करत असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता मुख्य गोष्ट, जी लोकांना माहीत नसते आणि मग वन स्टार देऊन मोकळे होतात. हा गम च्युइंगम नाही! मी पहिल्या दिवशी तो च्युइंगमसारखा कचाकचा चघळला, घसा जळला, छातीत जळजळ, आणि तालमीत उचक्या. माझा एंट्रीचा डायलॉग "कोण आहे घरात" असा आहे, तो "कोण उक् आहे उक् घरात" असा झाला. तबलजी तबल्यावर डोकं ठेवून हसत होता. करायचं असं की हळूहळू चार-सहा वेळा चावायचं, तिखटसर झिणझिणी आली की थांबायचं, गोळी गालात आणि हिरडीत दाबून ठेवायची, झिणझिणी गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. निकोटीन गालातून रक्तात गेलं पाहिजे, पोटात नाही. गिळलं की उचक्या आणि जळजळ. सिगरेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं सावकाश येतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात "याने काही होत नाही" असं वाटतंच. होतं. वाट बघावी लागते.

दुसरी भानगड गोयकारांसाठी खास. गम खायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना आंबट काही चालत नाही, चहा-कॉफी पण नाही, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटीन गालातून नीट शोषलंच जात नाही. आता आमच्या जेवणात आंबट नाही असं काय आहे सांगा, हुमणात म्हणजे मासळीच्या आमटीत सोलं (सुकवलेलं कोकम), वर सोलकढी, दुपारी उन्हातून आलं की कोकम सरबत नाहीतर लिंबू सोडा. मी जेवण झालं की सोलकढीचा पेला रिकामा करून लगेच गम टाकायचो आणि म्हणायचो फेक माल दिसतोय. जेवणानंतरचीच सिगरेट सगळ्यात कठीण असते हे ओढणाऱ्याला सांगायला नको, आणि नेमका तेव्हाच गम फुकट जात होता. मग सोलकढी जेवणाच्या सुरुवातीला प्यायला लागलो आणि शेवटी पाणी पिऊन थांबायला शिकलो. आई म्हणाली सोलकढी पहिली पितात असं माणूस मी आयुष्यात बघितलं नाही.

चव पुदिन्याची म्हणतात, पहिली दोन मिनिटं पुदिना, नंतर मिरं चावल्यासारखं. नंतर नंतर आवडायला लागते. एक गोळी साधारण एका लहान सुट्ट्या सिगरेटच्या भावात पडते, म्हणजे सुरुवातीला पैसे वाचत बिचत नाहीत, उगाच कोणी सांगत असेल तर. पहिले सहा आठवडे तास-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवायचं, बाराव्या आठवड्यापर्यंत उतरवायचा असा हिशोब असतो. मी थोडा लांबवला, सोळा आठवडे झाले, शेवटी दिवसाला दोनवर. डॉक्टर म्हणाले परत सिगरेट धरण्यापेक्षा हे बरं. कवळी असलेल्यांना हा जमत नाही, चिकटतो. आमच्या दिग्दर्शक काकांनी आमचं बघून जोशात एक गोळी तोंडात टाकली आणि वरची कवळीच हातात आली, पुढचं लिहीत नाही. त्यांना डॉक्टरनी दुसरा मार्ग सांगितला, अंगाला लावायची पट्टी असते ती.

आणि हो, एका भाच्याने सल्ला दिला मामा व्हेप घे. ई-सिगरेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे हे त्याला माहीत नव्हतं, असलं तरी एक सोडून दुसरी धरायची तर एवढा उपद्व्याप कशाला.

आता फोनबद्दल, कारण तोही एक प्रकारे याच पॅकेजचा भाग आहे. सिगरेटच्या पाकिटावर फोटोखाली १८००-११-२३५६ असा नंबर असतो. मी बावीस वर्षं पाकिटं विकत घेतली, २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर तो भयानक इशारा आहे आणि २०१८ पासून हा नंबर, आणि मी कधी वाचला नव्हता. फोटो उलटा करून खिशात ठेवायचो. चौथ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी बायकोने मला बाहेर बलकांवात, म्हणजे ओसरीवर, जाऊन बस म्हणून सांगितलं त्या दिवशी, तिथे बसूनच लावला. फुकट आहे. ही सरकारची क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, नंतर मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळूरचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बोरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट इथेही केंद्रं झाली. मला वाटलं लेक्चर देतील, फुप्फुसं कशी काळी होतात वगैरे. तसं काही नाही. पलीकडच्या बाईंनी मराठीत विचारलं, दिवसाला किती, पहिली कधी, कुठली सिगरेट सगळ्यात अवघड वाटते, बरोबर कोण ओढतं. मी म्हटलं आम्ही तिघं. त्या म्हणाल्या मग तिघांनी मिळूनच सोडा. आणि एक सांगितलं, तलफ आली की ती फार तर पाच मिनिटं जोरात असते, तेवढा वेळ काढायचा, पाणी प्यायचं, लांब श्वास घ्यायचा, हाताला दुसरं काम द्यायचं. नंतर त्यांचे फोन पण आले, कसं चाललंय विचारायला. फोनला पाच स्टार.

पाच मिनिटं वेळ काढायचा हे वाचायला सोपं आहे. पहाटे सव्वापाचला बसस्टॉपवर एकटं उभं राहून पाच मिनिटं काढून बघा. बायको झोपलेली, बस यायची आहे, समोरच्या बाकावर कोणीतरी ओढतोय. गम तोंडात आहे, शरीराला निकोटीन मिळतंय, पण हात रिकामा आहे आणि डोकं म्हणतंय एकच. इथे गम संपतो. हे कुठल्याही पॅकवर लिहिलेलं नसतं.

मग आम्ही मिस कॉलची सिस्टीम काढली. ज्याला तलफ येईल त्याने मिस कॉल द्यायचा, दुसऱ्याने लगेच फोन करायचा, आणि अट एक, सिगरेटबद्दल बोलायचं नाही. प्रॉम्प्टर काय करायचा, मला नाटकाची वाक्यं म्हणायला लावायचा. मी बसस्टॉपवर उभा राहून दुसऱ्या अंकातला सासऱ्याचा राग म्हणतोय, फोनवर तो पुढचं वाक्य देतोय, बाकावरचा माणूस सिगरेट विझवून उठून गेला, त्याला वाटलं मी घरी भांडतोय. तबलजीचा मिस कॉल आला की मी त्याला म्हणायचो झपतालाचे बोल म्हण, तो मांडीवर वाजवत म्हणायचा, धी ना धी धी ना, दहा आवर्तनं झाली की त्याचा आवाज बदललेला असायचा. यंदा तालमीला सगळ्यात आधी पाठांतर आमचं झालं. काकांना वाटलं आम्ही सुधारलो.

इथे घरच्यांबद्दल बोललं पाहिजे. प्रेमाने विचारतात हे मान्य, पण "आज नाही ना ओढलीस?" हे रोज संध्याकाळी दारातच विचारलं की असं वाटतं जाऊन ओढून यावी. बायकोला मी हे सांगितलं, जरा भांडण झालं, मग तिने विचारणं बंद केलं आणि वेलची, ओवा आणि म्हापशाच्या बाजारातून आणलेले चणे असा एक डबा माझ्या बॅगेत ठेवायला सुरुवात केली, न बोलता. चिडचिड पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त, नंतर दोन-तीन आठवडे कमी कमी होत जाते, हे तिला पण फोनवरच्या बाईंकडून कळलं होतं, मी स्पीकरवर ठेवला होता. तेवढे दिवस तिने कॅलेंडरवर मोजले. माझे नाही, स्वतःचे!

बाकी जे होतं ते होतं. पोट साफ होत नाही, तोंड येतं, झोप उडते, भूक अशी लागते की उंडे (पाव) दोनाचे चार. माझं वजन चार किलो वाढलं, नाटकातल्या कोटाची शिवण उसवावी लागली. खोकला आधी वाढला, मी घाबरलो, डॉक्टर म्हणाले छाती साफ होतेय. झोपेचं कारण मात्र मला कोणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं. सिगरेटच्या धुरामुळे शरीर चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर संपवत असतं, ओढणं बंद झालं की तोच चहा जास्त चढतो. आम्ही तालमीत रात्री दहापर्यंत चार कप पिणारे, पहाटेपर्यंत छत बघत बसायचो. चहा अर्धा केला आणि झोप आली. एवढी साधी गोष्ट.

दोन महिने झाले आणि तबलजी घसरला. म्हापशाला कोणाच्या तरी लग्नात गेला होता, तिथे दोन पेग झाले आणि मग तीन सिगरेटी. आम्हाला सांगितलं नाही, पण तालमीत शेजारी बसला की वास येतोच, आता तर आम्हाला पन्नास फुटांवरून येतो. प्रॉम्प्टर त्याला सगळ्यांसमोर बोलला, "आमची पण मेहनत फुकट घालवतोस" वगैरे. तबलजी उठून गेला तो तीन दिवस आलाच नाही. मिस कॉल नाही, फोन उचलत नाही. चौथ्या दिवशी काका स्वतः त्याच्या घरी गेले, मला बरोबर नेलं. मला वाटलं समजावतील. काका बसले, चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, आणि निघताना म्हणाले, "बाबा, ताल चुकलास तर समेवर ये, तबला कशाला माळ्यावर टाकतोस." तो खाली बघत राहिला. संध्याकाळी तालमीला आला. आम्ही काही विचारलं नाही, प्रॉम्प्टरने स्वतःच्या खिशातून बडीशेप काढून त्याच्या समोर ठेवली, हीच त्याची माफी. तबलजीला आम्ही परत दिवस मोजायला लावले नाहीत. साठ दिवसांत तीन सिगरेटी असंच म्हटलं, शून्यापासून सुरू कर असं म्हटलं असतं तर मला वाटतं त्याने कायमची धरली असती. हे माझं मत, शास्त्र नाही.

नंतर मला कुठेतरी वाचायला मिळालं की २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात तंबाखू वापरणाऱ्या मोठ्या माणसांचं प्रमाण देशात २८.६ टक्के आणि गोव्यात ९.७, सगळ्या राज्यांत कमी. इथे तर १९९७ पासून धूम्रपान आणि थुंकण्यावर स्वतंत्र कायदा आहे. मी हे तालमीत सांगितलं तर तबलजी म्हणाला म्हणजे दहात एक, आणि तो एक नेहमी आमच्याच माडाखाली बसायचा. खरं आहे. बाकीच्या नऊ जणांना आमची तलफ कळत नाही, आणि म्हणूनच त्यांचा सल्ला तेवढा लागत नाही, ज्याला कळते तोच पाच मिनिटं फोनवर झपताल ऐकून घेतो.

आता खरी गंमत. यंदाच्या नाटकात माझा रोल कोणाचा तर सतत विडी ओढणाऱ्या सासऱ्याचा. स्क्रिप्टमध्ये पानोपानी "विडी पेटवतो", "झुरका घेतो". हे ठरलं होतं चवथीच्या आधी, म्हणजे आम्ही सोडायच्या आधी. मी काकांना म्हटलं रोल बदला, काका म्हणाले आता कोण पाठ करणार. खोटी विडी करून बघितली, कागदाची, पण तोंडात धरली की हात आपोआप खिशाकडे जायचा आणि तालीम झाल्यावर तासभर मी अस्वस्थ. एका रात्री तर मी माडाखाली जाऊन उभा राहिलो, कोणाकडे तरी मागणारच होतो, मिस कॉल दिला तर दोघंही दहा पावलांवर, फोन हातात घेऊन माझ्याकडेच बघत उभे. प्रॉम्प्टर म्हणाला, "म्हाताऱ्याची काडेपेटी सुनेने लपवून ठेवली तर?"

तेच केलं. विडी पूर्ण नाटकभर कानावर. म्हातारा तीन अंक काडेपेटी शोधतो, गादीखाली, देव्हाऱ्यात, सुनेच्या डब्यात, आणि सून दरवेळी पदराआड हसते. एकही झुरका नाही. देवळाच्या मंडपात शेकडो माणसं बसलेली असतात, पोरं पुढच्या रांगेत, तिथे धूर सोडायचा नव्हताच खरं तर, पण आधीच्या वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं.

जत्रेच्या रात्री तिसऱ्या अंकात मी खुर्चीखाली वाकून काडेपेटी शोधतोय आणि मागून खाज्यांच्या स्टॉलच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "अरे दी रे कोण तरी त्या म्हाताऱ्याक काडयापेटी!" आणि खरंच एक काडेपेटी येऊन स्टेजवर पडली. माझ्या पायाशी. मी ती उचलली. स्क्रिप्टमध्ये हे नाही, पुढे काय करायचं माहीत नाही, विंगेत बघितलं तर प्रॉम्प्टर वही मिटून उभा, त्याच्याकडे पण वाक्य नाही. तबलजीने खालून हळूच ठेका धरला. मी पेटी उघडली, एक काडी काढली, तिने कान कोरला आणि पेटी सुनेच्या हातात दिली. मंडप कोसळला. मोनोलॉग त्यानंतर होता, एका श्वासात नाही पण न तुटता झाला.

तर गम. साडेतीन स्टार, अर्धा उचक्यांसाठी कापला, एक सोलकढीबद्दल ढळढळीत अक्षरात न लिहिल्याबद्दल. शेवटच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या माझ्या मेकअपच्या डब्यात पडून आहेत. प्रॉम्प्टरचा ४ चा आता २ वर आलाय, त्याला लागल्या तर देईन. मिस कॉल अजून येतात, काल रात्री साडेअकराला तबलजीचा आला, मी घाबरून फोन केला तर म्हणाला तलफ नाही रे, झोप येत नाही, बोल काहीतरी.